पेन्शनला चार महिने कमी

माझ्यामुळे आईचा पाय मोडला होता, हे आमच्या घरात दोघांनाच ठाऊक होतं. आईला आणि मला.

आई सेनगावच्या एका सरकारी कचेरीत शिपाई. नोकरी उशिरा लागली, त्यामुळे निवृत्त होताना सेवा भरली दहा वर्षं एक महिना. पेन्शनला दहा वर्षं लागतात. म्हणजे जमलं! मी पेढेसुद्धा सांगून आलो. (आमची घाई!)

तेवढ्यात कचेरीतल्या बाबूंनी सेवापुस्तक चाळता चाळता चष्मा वर केला.

“मावशी, दुसऱ्या वर्षी पाच महिने बिनपगारी रजा हाय तुमची. कारण लिहिलंय ‘घरगुती’. हे दिवस पेन्शनला धरत न्हाईत.”

“मंग?”

“मंग काय! चार महिने कमी पडून राहिले.”

आईचा चेहरा उतरला. माझा त्याहून जास्त. कारण तो अर्ज मीच लिहिला होता, वळणदार अक्षरात!

त्याचं असं झालं. अकरावीत असताना मी बाबांची नवी स्कूटर गुपचूप काढली. “मला येती चालवता,” असं सांगून आईला मागं बसवलं. नाल्यापाशी रस्ता वळला, मी नाही वळलो! आईच्या मांडीचं हाड मोडलं. मला खरचटलंसुद्धा नाही. बाबा येईस्तोवर मी स्कूटर ढकलत दारात नेऊन लावली होती; ते धावत आले, तर आई विव्हळत म्हणाली, “शेजारच्या म्हशीनं ढुसणी देली वो!” चेंबलेला मडगार्डही आम्ही त्याच म्हशीच्या नावावर टाकला. डॉक्टरांच्या दाखल्यात स्कूटरचा उल्लेख होता, म्हणून दाखला गायब केला अन् रजेचं कारण लिहिलं ‘घरगुती’. (खोटं कुठं होतं? पोरगं घरातलंच होतं!)

“आजारपणाचा पुरावा आणा,” बाबू म्हणाले. “साहेब इचार करतील. पण तवाचाच पायजे.”

आईचा पाय जिथं जोडला होता, त्या हिंगोलीच्या दवाखान्यात मी धावलो. हाडांचे डॉक्टर वारले होते. त्यांच्या जागी त्यांचा मुलगा लोकांचे दात काढत होता. त्यानं जुन्या रजिस्टरांचं पोतं पुढ्यात ओतलं. तीन दिवस धूळ खाल्ली तेव्हा पान सापडलं. कडेनं उंदरांनी कुरतडलेलं, पण आईचं नाव, तारीख आणि ‘मुलगा स्कूटर चालवत होता’ हे वाक्य ठणठणीत!

साहेबांपुढं वारस म्हणून सहीसाठी बाबाही आले होते. साहेबांनी ते पान मोठ्यानं वाचलं. मी खिडकीतून उडी मारता येईल का ते बघू लागलो.

“आन् म्हैस?” बाबांनी विचारलं.

“म्हैस नव्हती, बाबा.”

“आरं भाड्या! शेजारच्या गणपतरावाला मी आजपावतो रामराम घातला न्हाई! तू काहून बोल्ला न्हाईस?”

“तुमी मारलं असतं.”

“व्हय, मारलंच असतं!”

साहेबांनी हसू दाबत ‘रजा आजारपणाची धरावी’ असा शेरा मारला. तरी मंजुरी येईपर्यंतचा महिना मी दारात पोस्टमन दिसला की देवघरात पळायचो. शेवटी ‘आदेश घेऊन जा’ असं कचेरीचं पत्र आलं. कागद हातात घेऊन आई कचेरीबाहेर पडली तेव्हा मी ऐटीत मोटरसायकल पुढं आणली.

“बस, आई!”

तिनं हात करून रिक्षा थांबवली. “न्हाई रं लेकरा. आता पेन्शन खायला जित्तं राहायचं हाय मला!”

मी मागून एकटाच निघालो. रिक्षातून आई प्रत्येक वळणावर मान काढून बघत होती, मी वळतोय की नाही ते!