आईची परात विकणे आहे

"आईंची पितळी परात तेराव्याच्या गर्दीत कोणीतरी उचलली," असं वहिनी त्या वेळी म्हणाली होती.

आज सकाळी तीच परात मोबाइलवर दिसली, जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत. पितळ अस्सल आहे हे दाखवायला मागच्या बाजूचाही फोटो टाकला होता, आणि तिथे आईचं नाव कोरलेलं.

मैत्रिणीच्या नावाने पत्ता मागितला. तो लालबागचा, दादाच्याच घराचा निघाला. गेले.

"वन्सं, आत या ना."

"नको वहिनी, इथे उजेड आहे."

गिऱ्हाइकासाठी दाराशी काढून ठेवलेली परात चाळीच्या गॅलरीत पालथी धरून मी आईचं नाव मोठ्याने वाचलं. शेजारणी बाहेर आल्या. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? परात घेऊनच निघाले.

दादा, तू आतच उभा होतास. या पोस्टखाली कमेंटमध्ये 'मला माहीत होतं' एवढं लिही. लिहिणार नाहीस, तरी मागते.