बारीक छर्रा

बंदुकीच्या तेलाचा वास आला की निलंग्याकडचं मामाचं शेत आठवतं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, त्यात दुष्काळ. विहिरीच्या पाण्यावर उभी होती तेवढीच ज्वारी, आणि तिच्यावर रानडुकरं तुटून पडायची. शाळा सोडून मी तिथं राखणीला होतो. काडतुसं घ्यायला लातूरला गेलो तेव्हा मी म्हणालो, "मामा, मोठ्या छर्र्याची घ्या, डुक्कर जागीच पडंल." मामा दुकानदाराला म्हणाले, "बारीकच द्या. पाखरालाबी चालतंय, अन् डुक्कर नुस्तं भ्यालं तरी बास. गुरं चाऱ्यापायी कुठंबी शिरून राहिलीत." मला तो भित्रेपणा वाटला. चारच दिवसांनी, दिवस मावळताना ज्वारी हलली आणि मी लांबूनच चाप ओढला. बाहेर आली शेजारणीची एकुलती देवणी गाय, पुठ्ठ्यावर रक्ताचे ठिपके, पण आपल्या पायांनी चालत. हळद भरताना मामा एवढंच बोलले, "आधी हाळी द्यावी, भाच्या. डुक्कर पळतंय, गाय वळून बघती." आता सुरतेत कारखान्याच्या गेटवर माझ्या बंदुकीत मोठाच छर्रा असतो. काही खुडबुडलं की बोट चापाकडं जायच्या आधी मी ओरडतो, "कोण हाय?" सोबतचे हसतात. हसू देत.