उन्हाळा पाहिल्याशिवाय फीत नाही

आमच्या साडूभाऊंइतका चिवट पाहुणा अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. ते लग्नाला येतील, जेवतील, आहेर देतील आणि वर्षभरानं तो आहेर कसा चालला आहे हे बघायला पुन्हा येतील. माझ्या मुलीला त्यांनी मिक्सर दिला होता. पुढच्या वर्षी ऐन दुपारी तिच्या सासरी हजर! “मिक्सर चालून राह्यला ना? दाखव बरं,” म्हणत त्यांनी जवसाची चटणी वाटून घेतली, चाखली आणि मगच चहाला हो म्हटलं. मुलीची सासू त्यांना अजून मिक्सर कंपनीचा माणूस समजते.

खोड नोकरीतली. एका मोठ्या सिमेंट कंपनीचं सीएसआर खातं, म्हणजे आसपासच्या गावांत शाळेच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या वगैरे बांधून देण्याचं काम, ते सांभाळत. आधीचे अधिकारी नळ बसला की फीत कापून, फोटो काढून मोकळे. होळीपर्यंत नळ कोरडा. साडूभाऊंनी आल्या आल्या नियम केला: पाण्याच्या कामानं एक उन्हाळा काढल्याशिवाय उद्घाटन नाही. गावागावांत बैठका घेऊन तसा शब्दही देऊन बसले.

जिवतीच्या डोंगरावरच्या एका गावात टाकी झाली, नळ आले. डायरेक्टरसाहेबांना थंडीतच उद्घाटन हवं होतं. साडूभाऊ म्हणाले, “साहेब, मे महिन्यात या.” साहेबांचा पारा चढला. माझी मेव्हणी रडकुंडीला आली. “काऊन अडून राह्यले? कापू द्या ना त्याइले फीत! जागा जाईन तुमची.”

“जाईन तं जाईन. गावाले शब्द देल्ला हाये. आता फीत कापली अन् मेमध्ये नळ कोरडा निघाला, तं कोणत्या तोंडानं जाऊ तिथी?”

जागा गेलीच आणि फीतही थंडीतच कापली गेली. कंपनीनं त्यांना गेस्ट हाउसच्या चादरी-उशांवर नेमलं. तिथंही हा गडी पाहुण्यांना गाठून विचारतो, “झोप लागली ना? डास तं नाई ना?” आम्ही हसायचो. पण ज्या कामावर जीव, तेच हातातून गेलं होतं.

मे महिन्यात त्यांनी रजा टाकली आणि मला मोटारसायकलवर मागं बसवून डोंगर चढवला. ऊन असं, की सीटला हात लावायची सोय नव्हती. नळावर बायांची गर्दी होती. कंपनीचं कोणीच आलेलं नव्हतं. पाणी मात्र आलं होतं, चांगलं मनगटाएवढ्या धारेनं. साडूभाऊंनी ओंजळ धरली, पोटभर प्यायले. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला, की चारचौघांत पाठ थोपटावीशी वाटली.

एक म्हातारी बाई घागर खाली ठेवून पुढं आली. “भाऊ, पानी येऊन राह्यलं. ते सोडा. तुमी कसे आहा? तुमाले त्या कामावरून काहाडलं म्हणतेत.”

साऱ्या मुलखाची विचारपूस करत हिंडणारा हा माणूस गडबडला. त्यानं उगाच पुन्हा ओंजळ धरली. “मी बरा हाये, बाई.”

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. “आता तं असंच म्हणसान,” ती म्हणाली. “या पुढच्या उन्हाळ्यात. मी पुन्हा इचारीन.”

परतीच्या वाटेवर घाट उतरताना साडूभाऊंनी एकदा गाडी थांबवून चष्मा पुसला.