इंजिनाचं कुंकू

मालोजीतात्यांचा मला राग होता, हे आधीच सांगून टाकते. माणूस गेल्यावर सगळे गोड बोलतात, मीही पुढं गोडच बोलणार आहे. पण तीन वर्षं मी त्यांना चहा दिला तो घुश्शातच दिला.

तात्या शेलूचे. सत्तर सालाच्या आगंमागं आमच्या पोशीरला, नेरळला आणि आसपासच्या वाड्यांत जितकी पाण्याची इंजिनं होती, त्यांची सगळी दुखणी तात्यांकडं. सायकलच्या मागं पत्र्याची पेटी, खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर टोपी आणि हाताला कायम रॉकेलचा वास. आमच्या चार घरांत मिळून एक पंप होता. त्याचं लहानसं इंजिन पेट्रोलवर सुरू व्हायचं आणि तापलं की रॉकेलवर घ्यायचं. चाकाला दोरी गुंडाळून जोरात ओढायची. आमच्याकडचे दांडगे गडी ओढून ओढून खांदे धरून बसायचे, आणि तात्या येऊन एका हिसक्यात सुरू करायचे. पुरुषांना याचा फार राग यायचा. मला तेवढ्यापुरती गंमत वाटायची.

त्यांची एक रीत ठरलेली होती. आल्याबरोबर हत्याराला हात लावायचा नाही. आधी दोरी हळू ओढून इंजिनाच्या छातीत दम आहे का बघायचा. मग प्लग काढून लोखंडाला टेकवायचा, दोरी ओढायची आणि ठिणगी निळी पडते की पिवळी ते बघायचं. मग काचेच्या बाटलीत रॉकेल घेऊन उन्हात धरायचं, खाली पाणी साचतंय का म्हणून. सगळ्यात शेवटी कार्बुरेटर उघडून त्यातली बारीक भोकं तोंडानं फुंकायची. हे सगळं आजाऱ्याशी बोलल्यासारखं पुटपुटत चालायचं. पावसाळ्याआधी प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून, इंजिन गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवायलाही तेच यायचे, आणि नवरात्रात खाली उतरवायलाही तेच. खंडेनवमीला गावोगाव फिरून आपल्या हातातल्या प्रत्येक इंजिनाची पूजा स्वतः करायचे. सोबत स्वतःची कुंकवाची डबी असायची.

माझा राग त्या पूजेवरूनच. एका नवमीला त्यांना यायला उशीर झाला, म्हणून मीच इंजिनाला हळद-कुंकू वाहून मोकळी झाले. रॉकेलच्या टाकीच्या झाकणावर चांगलं ठसठशीत कुंकू लावलं. तात्या आले, बघितलं, आणि दहा माणसांत मला म्हणाले, "सूनबाई, इंजिनाचं नाक बुजवलंस गं तू."

त्या झाकणाला मधोमध सुईच्या नाकाएवढं भोक होतं. टाकीतलं रॉकेल खाली उतरतं तसतशी वरून त्या भोकातून हवा आत जाते. हवा नाही गेली तर रॉकेल उतरायचं थांबतं आणि इंजिन बंद पडतं. हे त्यांनी मला रॉकेलच्या डब्याचा दाखला देऊन समजावलं. डब्याला एकच भोक पाडलं तर धार नीट पडत नाही, तसं. अहो, घरात डबा कोण ओततं? मला ते त्यांच्याआधीपासून ठाऊक होतं. पण माणसं हसली, त्यात आमचे हेही हसले. त्या दिवसापासून मी इंजिनाला बोट लावलं नाही.

त्यानंतरचं तिसरं वर्ष. हस्ताचा पाऊस पडलाच नाही. लवकर पिकणारं हळवं भात निभावून गेलं होतं, पण आमचं सगळं रान उशिरा पिकणाऱ्या गरव्याचं, आणि ते नेमकं निसवायला, लोंब्या बाहेर पडायला आलेलं. त्या आठ दिवसांत पाणी मिळालं नाही तर लोंब्या पोचट येणार, चार घरांचं वर्षाचं खाणं जाणार. ओढ्याच्या डोहात पाणी होतं, म्हणून सगळी भिस्त पंपावर. नवमीला तात्यांनी नेहमीसारखी पूजा केली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इंजिन लावलं, तर दहा मिनिटं चाललं आणि धापा टाकत बंद पडलं.

तात्यांना निरोप गेला. ते आले आणि दोन दिवस इंजिनापाशी बसले. प्लग घासला, कार्बुरेटर उघडला, रॉकेल बदललं. दर वेळी इंजिन सुरू व्हायचं, सगळ्यांच्या जिवात जीव यायचा, आणि दहा मिनिटांनी पुन्हा गप्प. पाणी पहिल्या बांधाच्या पुढं जाईना. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा चुलत दीर सखा बोलला, की उद्या कर्जतहून नवा मिस्त्री आणतो. तात्यांसमोरच बोलला. कर्जतचा मिस्त्री एकदा पोशीरला आला की बाकीच्या गावांनीही त्यालाच बोलावलं असतं, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. तात्या प्लग पुसत राहिले.

मी चहा घेऊन गेले होते. त्यांनी कपासाठी हात पुढं केला तो कपाच्या बाजूनं गेला. मी कप हातात टेकवला तेव्हा त्यांना तो सापडला. मला वाटलं, दमलेत. मग इंजिन पुन्हा बंद पडलं, आणि मी तिथंच उभी राहून बघत राहिले. दर वेळी ते आधी टाकीचं झाकण उघडून आत काठी घालून रॉकेल बघत, मग प्लग साफ करत, मग झाकण लावत. इंजिन सुरू झालं की त्यांना वाटायचं, प्लगनं काम केलं. पण झाकण उघडल्यावर टाकीत हवा जात होती, म्हणून इंजिन दहा मिनिटं चालत होतं. मी झाकणाकडं नीट पाहिलं. मधोमध कुंकवाचा जाड थर, रॉकेलनं भिजून बसलेला.

त्या वर्षी कुंकू फक्त तात्यांनी लावलं होतं. आणि त्यांना ते भोक दिसलं नव्हतं. दोन दिवस झाकण हातात घेत होते, तरी दिसलं नव्हतं.

खोटं कशाला बोलू, त्यांचंच ते नाक बुजवल्याचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. तीन वर्षं घोटून ठेवलेलं. माणसंही साधारण तीच दहा होती. मी तात्यांकडं पाहिलं. ते पायाशी पडलेला पाना जमिनीवर हात फिरवून शोधत होते, आणि कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून उगाच खोकत होते. मी पाना त्यांच्या हाताजवळ सरकवला आणि म्हटलं, झाकणाला धूळ बसलीय, पुसून आणते. घरामागं जाऊन पदरानं कुंकू पुसलं, खराट्याचा हीर मोडून भोकातून आरपार काढला आणि झाकण आणून दिलं.

तात्यांनी त्यावर अंगठा फिरवला. ओलसर लाल डाग अंगठ्याला आला असावा, कारण त्यांनी तो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. मग झाकण लावलं आणि दोरी ओढली.

इंजिन दिवस मावळेपर्यंत थांबलं नाही. पाणी शेवटच्या बांधाला पोचलं. सखानं विचारलं, तात्या, शेवटी काय होतं? "हवा अडली व्हती," एवढंच म्हणाले. कर्जतचा विषय पुन्हा निघाला नाही. भात चांगलं आलं.

पुढच्या नवमीला तात्या सकाळीच आले. इंजिन उतरवलं, पुसलं, तेल दिलं. मग सगळ्यांसमोर कुंकवाची डबी माझ्यापुढं धरली.

"सूनबाई, औंदापासनं तू लाव. इंजिन घरच्या बाईनं पुजावं, तवा ते घरचं ऱ्हातं."

सखा म्हणाला, ही कुठली नवी पद्धत? तात्या म्हणाले, जुनीच हाय, तुमाला ठावं नाय. मी टाकीच्या पोटावर कुंकू लावलं, झाकणाला हातही लावला नाही. निघताना सायकल हातानं ढकलत ते हळूच म्हणाले, "तवा कुंकवाचं बोलली असतीस तर माजं काम ऱ्हायलं नसतं." मी म्हटलं, चहा घेऊन जा. तो चहा घुश्शाचा नव्हता.

त्यांनी प्रत्येक गावात कुंकवाचं तेच सांगितलं. पुढची सात-आठ वर्षं इंजिनं बोटांनी ओळखून दुरुस्त केली, पण कुंकू कुठंच स्वतः लावलं नाही. मग वीज आली, इंजिनं भंगारात गेली, तात्याही गेले.

आमच्याकडं अजून विजेच्या मोटरीची पूजा घरची बाईच करते. सुना विचारतात, इकडं हे असं का. मी सांगते, जुनी पद्धत आहे, मालोजीतात्यांनी घालून दिलेली. त्यांना दिसत नव्हतं, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.