देवचाराचा मान

गॅरेजात आम्ही चारच टाळकी, पण किस्से इतके साचलेत की टिप्परात मावायचे नाहीत! मी पत्रे ठोकतो, नि हात रिकामा झाला की कुणाची तरी मस्करी करतो. आजचे सगळे सुदेशचे. आमचा वायरमन, चोवीस वर्षांचा.

*

एकदा त्याच्या मागून जाऊन कानाशी पत्र्याचा डबा बडवला. दुसरा असता तर शिव्या घातल्या असत्या. ह्यानं दोन्ही कोपरं डोक्यावर घेतली नि ओरडला, "मी नाय केलंय, पप्पा!"

मेस्त, म्हणजे आमचा मालक, पोट धरून हसला. मी डबा फेकून दिला.

*

मेस्त म्हणाला, "बापाचो मार आमीय खाल्लो. आमकां काय झाला?"

म्हटलं, "ता तुझ्या बायलेक विचार!"

दोन दिवस माझा चहा बंद!

*

सुदेशचा बाप दत्ता खाणीवर ट्रक चालवायचा. लोक सांगतात, "खाण बंद पडली, म्हणून पियाक लागलो. म्हणून पोराक पट्ट्यान मारी."

अरे, पोर तेव्हा दहा वर्षांचं! खाण काय त्यानं बंद केली?

*

सुदेशला मुलगी झाली. महिना झाला तरी तिला उचलीना! बायको रडकुंडीला. मी विचारलं, "कित्याक रे?"

"काका, माझे हात पप्पासारखेच आसत."

मस्करी बाजूला ठेवली. स्कूटरवर घातला नि हॉस्पिटलात मनाच्या डॉक्टरीणबाईकडे नेला. मेस्त म्हणतो, "पिशांच्या, खुळ्यांच्या डॉक्टराकडे?"

म्हटलं, "तुझोय नंबर लावून इलंय!"

*

मागच्या रविवारी त्याच्या घरी गेलो. सोप्यावर दत्ता बसलेला. मलाच भुताखेतांचं शहाणपण शिकवतो, "पोराक देवचार लागलो हा. डॉक्टर काय करतलो? उंडे, बिडी, बाटली असो मान दिवक व्हयो. तू नेऊन ठेव."

नाक्यावर जाऊन बेकरीतले उंडे-पाव नि बाकी सगळं आणलं. दत्ताच्याच पायाशी केळीचं पान पसरलं. वर उंडे, बिडी, बाटली मांडली नि हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवचारा! ह्या पोराक ल्हानपणापासून धरलंस. आता तुझो मान घे नि तेका सोड रे म्हाराजा!"

दत्ताचा हात उठला. वाटलं, आता माझ्या थोबाडावर.

बाटलीवर गेला!

दारातून सुदेश जोरात म्हणाला, "व्हय म्हाराजा!" नि पोरीला घेऊन उभ्या बायकोकडे वळून हात पुढे केले.

"दी गो तिका हंय."