काढायचे ते दोन

जगात खरे निर्णयक्षम पुरुष फार थोडे असतात, आणि आमचे दातांचे दुसरे डॉक्टर त्यांपैकी एक आहेत, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्या दारी आलेला कोणताही निर्णय ते ‘पाहू’ म्हणून बाहेरच्या बाकावर बसवतात. बरेच निर्णय बसून बसून कंटाळतात आणि आपणहून घरी जातात.

दुसरे म्हणायचं कारण असं, की पहिले डॉक्टर माझे दात अर्धवट सरकवून पुण्याला निघून गेले. सत्तेचाळिसाव्या वर्षी मराठीच्या प्राध्यापकाने दातांना तारा लावून घेणं हे तसं हास्यास्पदच. पण पुढचे दात पुढे झुकत चालले होते आणि वर्गात माझ्या ‘स’मधून शीळ वाजू लागली होती. पहिल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात भिंतभर पडदा होता, त्यावर माझं भावी हास्य सावकाश गोल फिरत असे. उपचाराला ते ‘आपला प्रवास’ म्हणत. प्रवासाच्या मध्यावर ते उतरून गेले आणि जाताना फायलीत एक चिठ्ठी ठेवून गेले: वरचे, सुळ्यांमागचे दोन दात काढणे, म्हणजे पुढच्यांना मागे यायला जागा होईल. ते दोन्ही दात ठणठणीत होते. या वयात त्या फटी बुजायला किती काळ लागेल, मुळात बुजतील का, हे पडदा सांगत नव्हता. फाईल घेऊन मी नव्या माणसाकडे निघालो, तेव्हा बायको म्हणाली, “आ करायच्या आधी विचारा तरी, काहून काढता म्हणून. एकदा आ केला की तुम्ही काय विचारणार?”

नवे डॉक्टर मूळचे नरखेड तालुक्यातले. दवाखाना सक्करदऱ्याला, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या वर. गावची संत्र्याची बाग धाकटा भाऊ पाहतो. म्हणजे भाऊ बागेला पाहतो आणि हे फोनवरून भावाला पाहतात. पडदा वगैरे काही नाही. पदवीचं प्रमाणपत्र आहे, पण ते कपाटाच्या दाराला आतून लावलेलं. ज्याला वाचायचं असेल त्याने हातमोजे संपून कपाट उघडेपर्यंत थांबावं. दात किती सरकला हे ते डोळे मिटून, बोटाने चाचपून ठरवतात; भरलेलं संत्रं आणि पोकळ संत्रं असंच ओळखू येतं म्हणे. तार आवळून झाली की म्हणायचे, “तान दिला, सर. आता पाहू.” पुढच्या खेपेला विचारायचे, “दुखलं का?” दुखलं म्हटलं की, “मंग बरं आहे,” आणि नाही म्हटलं की चेहरा असा पडायचा, की मी दोनदा खोटंच दुखवून घेतलं. एका बाबतीत मात्र त्यांनी मला फार निराश केलं. नव्याने जुन्याला नावं ठेवणं हा आपल्याकडचा सर्वमान्य शिष्टाचार. मी त्यांना तीन वेळा तशी संधी दिली. तिन्ही वेळा म्हणाले, “त्यायनं विचार करूनच लिहिलं असन.”

हे ऐकून माझी झोप उडायची. विचार करूनच लिहिलं असेल तर ते दोन जाणार. थेट विचारलं की उत्तर ठरलेलं: “पाहू ना. एक मोठा एक्स-रे काढून आना.” असे तीन महिने गेले.

डिसेंबरात मी एक्स-रे घेऊन गेलो. डॉक्टरांनी मला खुर्चीवर आडवं केलं, दोन्ही गालांत कापूस भरला आणि माझ्याकडे पाठ करून एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. मग ते हळू आवाजात, पण स्पष्ट म्हणाले, “तान चांगला बसला. पिवळे पडले तरी घाबरू नको.” मी घाबरलो. “ते दोन मात्र कामातून गेले. बुडापासून सडले. ठेवून काय फायदा? बाजूचेही खराब करतेत. काढून टाक.” मी कापसातून काहीतरी बोललो, मलाही ते कळलं नाही. “हाताने नाही निघत गा. जेसीबी बोलाव.”

जेसीबीपाशी मला उलगडा झाला. डॉक्टरांनी टोपी मागे सारली, तर कानात फोन. प्रमाण मराठीत झाडं ‘ती’ असतात आणि दात ‘ते’. आमच्याकडे दोन्ही ‘ते’. वीस वर्षं मी व्याकरण शिकवतो आहे. सर्वनामाने घाम फुटल्याचा हा पहिलाच प्रसंग.

ते वळले. “काय झालं, सर? टोचून राहिलं का?”

मी कापूस काढला. “काढायचे ना दोन्ही?”

“ते सांगतलं भावाले. डिंक सुटला झाडायले.”

“माझे दात, डॉक्टर.”

“तुमचे कायले काढू? चांगले आहेत ना. मांगं सरकवू सगळे.”

मी जिना उतरलो तो दोनदोन पायऱ्यांनी. खाली मोटारवाल्याला उगीचच धंदापाणी कसं आहे ते विचारलं.

सव्वा वर्षाने तारा निघाल्या. शीळ थांबली. गुळगुळीत दातांवरून जीभ फिरवताना ओळखीचं बिऱ्हाड उठून गेल्यासारखं वाटत होतं, आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आता कुठे जायचं हाही प्रश्नच होता. एव्हाना माझा एक सिद्धांत तयार झाला होता: बहारासाठी झाडाला ताण देऊन, म्हणजे पाणी तोडून, पानगळ सोसून जो वाट पाहू शकतो, तोच दाताची वाट पाहू शकतो; पडदेवाल्यांचं ते काम नाही. हा सिद्धांत मी स्टाफरूममध्ये दोनदा मांडला होता. निरोप घेताना, आवाज जरा जड करून, डॉक्टरांनाही सांगितला.

ते हात पुसत ऐकत राहिले. मग म्हणाले, “तसं काही नाही, सर. तुमाले अक्कलदाढा आल्याच नाहीत. मांगं जागा रिकामीच होती.”

“एकही नाही?”

त्यांनी एक्स-रे पुन्हा खिडकीशी धरला आणि बोट ठेवून दाखवलं. “इथं, इथं, इथं आन् इथं.”

मी चष्मा लावून नीट पाहिलं. चारही ठिकाणी काही नव्हतं.