उलटवलेला मासा

पुढ्यात मासा आला की विनिता कुबलला जगाचं भान राहत नाही, असं तिचा नवरा सूर्यकांत म्हणतो, आणि ते अगदी खरं आहे. देवगडच्या तांडेलाची लेक ती. बाप बोटीचं सुकाणू धरणारा, आई बाजारात पाटी घेऊन बसणारी. माशाचा काटा तिला जेवढा कळतो तेवढा स्वतःचा नवराही कळत नसेल. लग्नानंतर दुबईला आली, इंटरनॅशनल सिटीत संसार थाटला. सूर्यकांत जबल अलीच्या वेअरहाऊसमध्ये, मुलगी दिया शाळेत, आणि ही ड्रॅगन मार्टमध्ये लिन नावाच्या चिनी बाईच्या दिव्यांच्या दुकानात सेल्सला.

चिनी शिकायची हौस तिची तिलाच आली. दिवसभर कानावर पडतंय तर समजायला नको? लिनलाही मजा वाटली. दुपारचा डबा उघडला की शिकवणी सुरू. भाषेच्या आधी विनिता शिकली ती रीतभात. ही माणसं भर उन्हाळ्यात गरम पाणी पितात. जेवल्यावर काउंटरवरच डोकं टेकून झोपतात आणि त्यात कुणाला लाज वाटत नाही. घरच्यासारख्या माणसाला थँक्यू म्हटलं तर त्याला परक्यासारखं वाटतं. आणि सकाळी भेटल्यावर लिन पहिलं विचारायची ते 'जेवलीस का?' विनिताला वाटायचं, अगं, ही तर आमच्या आळीतलीच बाई. दोन वर्षांत ती लिनला जिएजिए म्हणू लागली, म्हणजे ताई.

आणि मग आलं चिनी नववर्ष. लिनने तिला घरी जेवायला बोलावलं. मोठा थोरला अख्खा मासा वाफवून मधोमध ठेवला होता आणि त्याचं तोंड मुद्दाम विनिताकडे केलं होतं. पाहुण्याचा मान. विनिता खूश. वरची बाजू सगळ्यांनी मिळून संपवली. तेव्हा हिने काय करावं? चमचा घातला आणि मासा सफाईने उलटवला, देवगडच्या घरात उलटवायची तसा.

लिनच्या नवऱ्याने मान खाली घातली. लिन हसली, पण ते हसू पाहुण्यांसाठी असतं तसलं होतं. मागाहून तिने हळूच सांगितलं, की त्यांच्या किनाऱ्यावर मासा कधी उलटवत नाहीत. वरचं संपलं की काटा उचलून काढायचा आणि खालचं खायचं. मासा उलटला तर बोट उलटते. आणि लिनचा धाकटा भाऊ बोटीवर असतो.

विनिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर गोष्ट वेगळी. ही तांडेलाची मुलगी! बाप निघताना 'कुठे चाललात' असं विचारलं म्हणून हिनेच लहानपणी आईचा धपाटा खाल्लेला. 'जातंय म्हणू नको, येतंय म्हण,' हे ऐकत मोठी झालेली. हिला कळायला नको होतं?

सुट्टी संपली, दुकान उघडलं. एका सकाळी लिन मागच्या बाजूला फोनवर बोलत होती. विनिता वायरी गुंडाळत होती. छ्वान, म्हणजे बोट, हा शब्द आला. मग 'आली नाही' आलं. मग 'फोन लागत नाही.' दोन वर्षांपूर्वी हे सगळं नुसतं चिवचिव वाटलं असतं आणि विनिता सुखाने वायरी गुंडाळत राहिली असती. आता शब्द न् शब्द कळत होता. हात थांबले ते थांबलेच.

लिन बाहेर आली आणि इंग्रजीत म्हणाली, की स्टॉक चेक कर. त्या दिवसापासून चिनी बंद. सकाळचं 'जेवलीस का' बंद, दुपारची शिकवणी बंद. जे काही काम असेल ते इंग्रजीत, मोजकं, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. विनिताने काय समजायचं ते समजून घेतलं. जीव नुसता टांगणीला लागला. भाजी करपली, बस चुकली, एका गिऱ्हाइकाला झुंबराऐवजी ट्यूबलाइट बांधून दिली. घरी सांगितलं तर सूर्यकांत म्हणाला, मासा फिरवून बोटी बुडायला लागल्या तर नेव्ही कशाला हवी? दिया मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, "आई, इट्स जस्ट सुपरस्टिशन." दोघांचंही बरोबर होतं. पण बरोबर असून काय उपयोग?

शुक्रवारी ती एकटीच नारळ घेऊन बसने ममझारच्या किनाऱ्यावर गेली. पाण्यात उभी राहून तिने हात जोडले. "बा समुद्रदेवा, चूक माजी आसा, तेचो काय गुन्हो नाय. तेका सुखरूप घराक हाड." नारळ सोडला. तो दोन लाटा पुढे गेला आणि तिसऱ्या लाटेने पायाशी परत आला. पुन्हा सोडला, पुन्हा आला. तेवढ्यात गार्डने येऊन हिंदीत बजावलं, की इथे काही टाकायचं नाही. विनिता ओला नारळ पिशवीत घालून घरी आली. समुद्राने नारळ घेतला नाही. आता मात्र तिचा धीर सुटला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून ती लिनसमोर उभी राहिली. मोडक्यातोडक्या चिनीत सगळं बोलून गेली. फोनवरचं ऐकलं, समजलं, मासा मी उलटवला, तू मला काय बोलायचं ते बोल पण बोल. लिन दिव्याच्या काचेवरची धूळ पुसत राहिली. मग इंग्रजीतच म्हणाली, "मासा मासाच असतो, विनिता. राग नाही. पण आमच्या भाषेत तोंड उघडलं तर मला रडू येईल. दुकान उघडं आहे."

विनिताने दुसरा फडका घेतला आणि शेजारची काच पुसायला लागली. आपण किती मूर्ख, आपल्याच पापाचा हिशेब मांडत बसलो आणि ती बाई जवळ उभी राहून रडू गिळत होती, हे तिला तेव्हा कळलं. त्यानंतर तिने स्वतःहून चिनीचा शब्द काढला नाही. इंग्रजीला इंग्रजी. फक्त घरून येताना गरम पाण्याचा थर्मास आणू लागली आणि न बोलता लिनच्या हाताशी ठेवू लागली. लिनने थँक्यू म्हटलं नाही, याचंच तिला बरं वाटायचं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी ती दुकानात शिरते न शिरते तोच लिन कडाडली. ही काय वायर गुंडाळायची रीत, सगळा गुंता करून ठेवलाय, डोळे कुठे असतात तुझे, भाऊ पहाटेपासून फोन करून डोकं खातोय, इंजिन बंद पडलं होतं म्हणे त्या गाढवाचं, दुसऱ्या बोटीने ओढत भलत्याच बेटावर नेऊन टाकलं, आणि तू इथे वायरीची ही दशा करतेस!

सगळं चिनीत. एका दमात. विनिता दारातच उभी राहिली. शिव्या खाताना इतकं सुख आयुष्यात कधी झालं नव्हतं. डोळे घळाघळा वाहायला लागले.

"रडतेस काय?" लिन चिनीतच ओरडली. "दुकान उघडं आहे." आणि वायरीचा गुंता हातात घेऊन स्वतःच खाली बसली आणि हमसाहमशी रडू लागली.